कोणती ‘चक्र’ जास्त शांत?

अणुशक्तीवर चालणाऱ्या दोन हल्लेखोर पाणबुड्या भारतीय नौदलाने आधी सोव्हिएत संघाकडून आणि नंतर रशियाकडून भाडेकराराने घेऊन वापरल्या. दोघींचे नाव एकच, ‘आयएनएस चक्र’. पहिली जानेवारी १९८८ मध्ये ताब्यात आली आणि तीन वर्षांची मुदत संपताच परत गेली. दुसरी ४ एप्रिल २०१२ रोजी विशाखापट्टणमला समारंभपूर्वक दाखल झाली आणि जून २०२१ मध्ये तिने परतीची वाट धरली. पहिली ‘चार्ली’ वर्गातली, दुसरी ‘अकुला’ वर्गातली. ही वर्गनावे नाटोने पाडलेली. रशियाच्या दप्तरी त्या प्रकल्प ६७० आणि प्रकल्प ९७१.

लिंबायतमध्ये बसून या दोघींची तुलना करायला एक जवळचे कारण आहे. इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर, तापीच्या मुखाशी, हजिरा आहे. तिथल्या लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात ‘आयएनएस अरिहंत’ या पहिल्या स्वदेशी अणुपाणबुडीचे पोलादी कवच तयार झाले. त्याचे भाग समुद्रमार्गे अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून विशाखापट्टणमला गेले आणि तिथे पाणबुडी उभी राहिली. अरिहंत मात्र हल्लेखोर पाणबुडी नाही. ती कामगिरी पुढच्या बोटींवर येणार आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने तशा दोन पाणबुड्या देशात बांधायला मंजुरी दिली. त्या कशा उतरायला हव्यात, याचा अंदाज घ्यायचा तर दोन्ही ‘चक्र’ एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

अणुशक्ती कशासाठी?

‘अणुपाणबुडी’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे अणुबाँब येतो. पाणबुडी अणुशक्तीवर चालते याचा अर्थ तिच्या पोटात अणुभट्टी आहे, एवढाच. तिच्यावर अण्वस्त्रे असतील किंवा नसतील. दोन्ही ‘चक्र’वर ती नव्हती.

अणुपाणबुड्यांचे ढोबळ दोन प्रकार पडतात. अरिहंतसारखी पाणबुडी लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे घेऊन समुद्रात दडून राहते. तिचे काम कोणाच्याही नजरेस न पडणे. शत्रूने देशावर अण्वस्त्र टाकलेच तर उलट टोला हाणायला ती शिल्लक राहिली पाहिजे. हल्लेखोर पाणबुडीचे काम शिकारीचे. शत्रूच्या पाणबुडीच्या मागावर राहणे, विमानवाहू नौकांच्या ताफ्याला गाठणे, आपल्या ताफ्याच्या पुढे जाऊन वाट निर्धोक करणे, हे तिला करावे लागते. त्यासाठी वेग हवा, आणि तो तासाभराचा नव्हे तर दिवसेंदिवस टिकणारा.

मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेल्या कलवरी वर्गाच्या सहा पाणबुड्या डिझेल-इलेक्ट्रिक आहेत. त्यांतली शेवटची ‘वागशीर’ जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली. या पाणबुड्या पाण्याखाली बॅटरीवर चालतात. बॅटरी भरायची तर डिझेल इंजिन लावावे लागते आणि इंजिनाला हवा लागते. म्हणून ठरावीक काळाने वर येऊन हवेची नळी पाण्याबाहेर काढावी लागते. नेमकी तीच वेळ धोक्याची, कारण रडारला ती नळीही दिसते. सावकाश चालले तर बॅटरी काही दिवस पुरते. पूर्ण वेगाने पळाले तर काही तासांतच संपते.

अणुभट्टीला हवा लागत नाही. युरेनियमच्या विखंडनातून निघालेल्या उष्णतेने पाणी तापते. प्रचंड दाबाखाली असल्याने ते उकळत नाही. हे पाणी दुसऱ्या, वेगळ्या पाण्याला उष्णता देऊन त्याची वाफ करते. वाफेवर टर्बाइन फिरते आणि गिअरमधून ती गती शेपटाकडच्या पंख्याला मिळते. विजेची ददात नसल्याने समुद्राच्याच पाण्यापासून गोडे पाणी आणि प्राणवायू तयार करता येतो. अशा बोटीला बंदरात परत यायला लावतात ते शिधा आणि माणसांचा थकवा.

मुंबई ते एडन हे अंतर सुमारे १,६५० सागरी मैल. ताशी २५ सागरी मैलांनी, म्हणजे २५ नॉट वेगाने, अणुपाणबुडी ते तीन दिवसांच्या आत कापेल, आणि तेही एकदाही डोके वर न काढता. सरासरी ८ नॉटने जाणाऱ्या डिझेल पाणबुडीला त्यासाठी साडेआठ दिवस लागतील आणि वाटेत कितीदा तरी वर यावे लागेल. ताफ्यासोबत हिंदी महासागर पालथा घालायचा असेल तर अणुशक्तीला पर्याय नाही.

पहिली ‘चक्र’: विमानवाहू नौकांसाठी लावलेला सापळा

सोव्हिएत नौदलात पहिल्या ‘चक्र’चे नाव के-४३ होते. चार्ली वर्गातली ती सर्वांत पहिली बोट. व्होल्गाकाठच्या गॉर्की शहरात, म्हणजे आजच्या निझ्नी नोव्हगोरोदमध्ये, ती बांधली गेली आणि १९६७ मध्ये सेवेत आली. भारताकडे आली तेव्हा तिने विशी गाठली होती. तिची लांबी सुमारे ९५ मीटर आणि पाण्याखालचे वजन पाच हजार टनांच्या आसपास. एक अणुभट्टी, एक पंखा आणि वेग सुमारे २४ नॉट.

तिचे खरे वैशिष्ट्य नाकाशी होते. पुढच्या भागात दोन्ही बाजूंना मिळून आठ नळ्या होत्या आणि त्यांत ‘अमेतिस्त’ ही जहाजविरोधी क्षेपणास्त्रे. पाण्याखालूनच डागता येणारे हे जगातले पहिले जहाजविरोधी क्रूझ क्षेपणास्त्र. त्याआधीच्या सोव्हिएत पाणबुड्यांना क्षेपणास्त्र सोडण्यासाठी पृष्ठभागावर यावे लागे आणि तेवढा वेळ त्या उघड्या पडत.

चार्ली वर्ग अमेरिकेच्या विमानवाहू नौकांसाठी योजलेला होता. पण अमेतिस्तचा पल्ला साठ-पासष्ट किलोमीटरचाच, आणि विमानवाहू नौका ३० नॉटपेक्षा वेगाने धावते. चार्लीला तिचा पाठलाग जमणारा नव्हता. तिने वाटेत दबा धरून बसायचे, ताफा टप्प्यात आला की क्षेपणास्त्रे सोडायची आणि मग निसटायचे, अशी तिची युद्धनीती होती. काटेकोर वर्गवारीत तिला क्रूझ क्षेपणास्त्रवाहू पाणबुडी म्हणतात ते यामुळेच. शत्रूच्या पाणबुडीमागे लागण्यासाठी ती घडवलेली नव्हती.

भारताला तिचा उपयोग शाळेसारखा झाला. तिचे पहिले भारतीय कप्तान आर. एन. गणेश पुढे व्हाइस ॲडमिरल झाले. अणुभट्टी असलेली बोट समुद्रात कशी चालवायची, किरणोत्साराची खबरदारी रोजच्या कामात कशी मुरवायची, किनाऱ्यावर तिच्यासाठी कोणत्या सोयी लागतात, हे नौदलाला पुस्तकाबाहेर प्रथम इथे शिकता आले. सोव्हिएत तज्ज्ञ बोटीवर सोबत असत. मुदत संपल्यावर ती परत गेली आणि त्यानंतर एकवीस वर्षे नौदलाकडे एकही अणुपाणबुडी नव्हती.

दुसरी ‘चक्र’: पाठलाग करणारी

दुसऱ्या ‘चक्र’चे मूळ नाव के-१५२ ‘नेर्पा’. रशियाच्या अतिपूर्वेला अमूर नदीकाठी कोम्सोमोल्स्क शहर आहे. तिथे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे काम हाती घेतले गेले. सोव्हिएत संघ कोसळला, पैसा आटला आणि अर्धवट सांगाडा वर्षानुवर्षे गोदीत पडून राहिला. २००४ च्या करारानंतर भारताच्या पैशावर काम पुन्हा सुरू झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये जपानच्या समुद्रात चाचण्या चालू असताना आग विझवण्याची यंत्रणा अचानक सुरू झाली आणि बोटीत वायू पसरला. २० जण गुदमरून मेले. त्यांत बहुतेक गोदीचे नागरी कर्मचारी होते. दुरुस्ती आणि नव्या चाचण्या उरकून जानेवारी २०१२ मध्ये ती भारताच्या ताब्यात आली. करार दहा वर्षांचा होता.

आकड्यांत ती पहिलीपेक्षा सर्व बाजूंनी थोर. लांबी ११० मीटरच्या घरात आणि पाण्याखालचे वजन बारा हजार टनांच्या वर. अणुभट्टीची उष्णताशक्ती १९० मेगावॉट. पहिलीची साधारण ९० होती. नाकाशी पाणतीर आणि क्षेपणास्त्रे सोडणाऱ्या आठ नळ्या, अर्ध्या ५३३ मिलिमीटर व्यासाच्या आणि अर्ध्या ६५० च्या. खोली गाठण्याची क्षमता सुमारे ६०० मीटर. एवढी मोठी बोट चालवायला माणसे मात्र कमी लागतात, कारण बरीचशी यंत्रणा स्वयंचलित. बोट बुडालीच तर सगळ्या खलाशांना एकदम वर आणणारी सुटकेची कोठडी तिच्या मनोऱ्यात असते.

वेगाचा आकडा मात्र बुचकळ्यात टाकतो. भट्टी दुपटीहून मोठी, तरी वेग २४ वरून जेमतेम ३० नॉटवर गेला. असे का? पाण्यातून जाताना वेग दुप्पट करायचा तर शक्ती जवळजवळ आठपट लागते. त्यात बोट अडीचपट जड. म्हणजे नवी ताकद मुख्यतः आकारमानाने खाल्ली. मग रशियन आराखडाकारांनी आकार एवढा वाढू का दिला? त्या जागेत त्यांनी काय ठेवले, यात दोन वर्गांमधला खरा फरक सापडतो.

शिकार कानाने होते

खोल पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही. प्रकाश लवकर विरतो आणि रडारच्या लहरी पाण्यात शिरत नाहीत. आवाज मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जलद, धावतो आणि फार दूरवर पोचतो. म्हणून पाणबुडी कानांनी पाहते. आपल्याकडे लूमच्या खात्यात उभा असलेला जुना कारागीर शंभर यंत्रांच्या खडखडाटात एकाच लूमचा सूर बिघडला तरी मान न वळवता ओळखतो. सोनारवर बसलेल्या खलाशाचे कसब तसेच असते. पंख्याची पाती किती, ती मिनिटाला किती फिरतात, कोणता पंप चालू आहे, हे त्याला आवाजावरून सांगता येते. आणि समोरची पाणबुडीही याच्या बोटीचे आवाज याच पद्धतीने टिपत असते. जो आधी ऐकतो, तो आधी मारतो.

गुजरातच्या किनाऱ्याला याचा दाखला माहीत आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, खंभातच्या आखातापलीकडे दीवजवळ, पाकिस्तानच्या ‘हँगोर’ या पाणबुडीने पाणतीर मारून ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. हँगोर साधी डिझेल पाणबुडी होती. पण युद्धनौकांच्या सोनारला तिचा पत्ता लागण्याआधी तिने त्यांना हेरले होते. आपल्या उबदार समुद्रात पाण्याचे कमी-अधिक तापमानाचे थर असतात. त्यांच्या सीमेवर आवाज वाकतो आणि पाणबुडीला लपायला आयती जागा मिळते.

अणुपाणबुडीची अडचण अशी, की ती कधीच पूर्ण गप्प बसत नाही. बॅटरीवरची पाणबुडी इंजिन बंद करून जवळपास नि:शब्द होऊ शकते. अणुभट्टीतली उष्णता मात्र सतत वाहून न्यावी लागते, आणि त्यासाठी पंप फिरत राहतात. त्यात टर्बाइनच्या गिअरचे दाते घासतात. पंखा जोरात फिरला की पात्यांमागे दाब इतका घटतो की पाण्यात बुडबुडे उठतात आणि फुटतात. त्या फुटण्याचा कडकडाट मैलोगणती ऐकू जातो.

चार्लीच्या काळात सोव्हिएत गोद्यांनी या गोंगाटाकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. पाश्चात्त्य सोनारांना त्या बोटी लांबून ऐकू येत. आपल्या बोटी किती गाजतात याचा नेमका अंदाज मॉस्कोला आला तो हेरगिरीतून. अमेरिकन नौदलातला जॉन वॉकर अनेक वर्षे गुपिते विकत होता. १९८५ मध्ये तो पकडला गेला. त्याच दशकात जपानच्या तोशिबा समूहातल्या एका कंपनीने बंदी मोडून सोव्हिएत संघाला अत्याधुनिक मिलिंग यंत्रे विकली आणि नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीने त्यांचे संगणकीय नियंत्रक पुरवले. १९८७ मध्ये हे प्रकरण जगापुढे आले. पंख्याची पाती नितळ आणि अचूक वळणांची कापण्यासाठी अशी यंत्रे लागतात. या एका विक्रीमुळेच सोव्हिएत पाणबुड्या शांत झाल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण त्यावर तिथल्या अभियंत्यांची मेहनत आधीपासून चालू होती.

त्या मेहनतीचे फळ अकुला वर्ग. टर्बाइन, गिअर, जनित्रे अशी गाजणारी यंत्रे थेट कवचाला न जोडता एका मोठ्या तराफ्यासारख्या चौकटीवर बसवली. ती चौकट कंप शोषणाऱ्या गाद्यांवर ठेवली. यंत्राचा थरकाप चौकटीपर्यंत येतो आणि बराचसा तिथेच जिरतो. बाहेरून कवचावर रबराच्या जाड लाद्या. त्या आतला आवाज दाबतात आणि शत्रूच्या सोनारची लहर परत फिरू देत नाहीत. शेपटाच्या उभ्या पंखावर लांबट फुगीर डबा दिसतो. त्यात सोनारची लांब केबल गुंडाळलेली असते. ती मागे सोडली की बोटीच्या स्वतःच्या आवाजापासून दूर राहून ऐकता येते. तराफे, गाद्या, लाद्या आणि दुहेरी कवच यांनी जागा व्यापली, वजन वाढवले. भट्टीची वाढीव ताकद इथे खर्ची पडली.

म्हणून ‘३० नॉट’ या आकड्यापेक्षा दुसरा आकडा मोलाचा. कोणत्या वेगापर्यंत बोट स्वतः शांत राहते आणि तिला दुसऱ्याचे ऐकू येते? पूर्ण वेगात कोणतीही पाणबुडी गोंगाट करते आणि बहिरीही होते. नव्या पाणबुड्या शांत राहूनही बऱ्यापैकी वेग धरतात. जुन्यांना अगदी रेंगाळावे लागे. हा आकडा कोणताही देश छापत नाही. मासिकांत, दूरचित्रवाणीवर होणाऱ्या तुलनांमध्ये क्षेपणास्त्रे मोजली जातात, लांबी मोजली जाते. लढाईचा निकाल ठरवणारी गोष्ट तक्त्याबाहेर राहते.

दोन ‘चक्र’मध्ये माझ्या मते दुसरी सरस. तिचे मोठेपण पाण्याखाली दुसऱ्या पाणबुडीचा माग काढण्याच्या शक्यतेत होते. पहिलीला ते शक्य नव्हते. २०१३ च्या अखेरीस चिनी नौदलाने आपली अणुशक्तीवरची हल्लेखोर पाणबुडी हिंदी महासागरात धाडली, तेव्हा नौदलाला अशाच बोटीची गरज होती. पण तिच्या भरवशावर किती राहायचे याला मर्यादा होत्या. बोट एकच. २०१७ मध्ये तिच्या नाकातल्या सोनारच्या घुमटाचे नुकसान झाले तेव्हा ती दुरुस्तीला गेली, आणि तेवढा काळ नौदलाकडे हल्लेखोर अणुपाणबुडी उरली नाही. मार्च २०१९ मध्ये तिसऱ्या बोटीचा करार झाला तो सुमारे ३ अब्ज डॉलरचा. बोट भाड्याने मिळते. ती शांत कशी केली, हे ज्ञान करारात येत नाही.

कवच जमले, पुढे काय?

ते ज्ञान घरीच मिळवायचे तर आपल्या हाती काय आहे? सुरुवात हजिऱ्यापासून करू. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. ३०० मीटरवर कवचाच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ३०० टनांचा भार येतो. तो चहूकडून सारखा पेलायचा तर कवच अचूक गोल हवे. जाड पोलादी पत्रे वाकवायचे, कडी करायची, कड्या जोडून नळकांडी आणि नळकांडी जोडून बोट. वेल्डिंगमध्ये केसाएवढी चीर राहून चालत नाही, म्हणून प्रत्येक जोड क्ष-किरणांनी आणि अतिध्वनीने तपासतात. तेल शुद्धीकरण आणि खत कारखान्यांची अवजड पात्रे घडवताना कमावलेली ही विद्या हजिऱ्याने पाणबुडीच्या कामी लावली.

अणुभट्टी मुंबईजवळ तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राची. तिची जमिनीवरची प्रतिकृती तमिळनाडूत कल्पक्कमला चालवून पाहिली गेली. अनिल काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असताना, २६ जुलै २००९ रोजी, अरिहंत पाण्यात उतरली. तिच्या वाफेच्या टर्बाइनच्या यंत्रणेत इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याचा हात होता. १० ऑगस्ट २०१३ रोजी बोटीतली भट्टी पेटली. ‘अरिघात’ ही तिची धाकटी बहीण ऑगस्ट २०२४ मध्ये नौदलात आली.

अरिहंतचे वजन सुमारे सहा हजार टन आणि भट्टी ८३ मेगावॉटची. दडून राहणाऱ्या बोटीला ती पुरते. पण ९० मेगावॉटवर पाच हजार टनांची चार्ली २४ नॉटच गाठत होती, हे आठवले की हल्लेखोर पाणबुडीला बरीच मोठी भट्टी लागणार हे वेगळे सांगायला नको. मोठी भट्टी म्हणजे मोठे पंप, मोठे गिअर आणि अधिक आवाज. कवच गोल करणे आपल्याला जमले, भट्टी पेटवणेही जमले. आता भट्टीचा आवाज कवचाबाहेर जाऊ न देणे जमायला हवे. तिथे गाद्यांचे रबर, पंपाच्या बेअरिंगची नितळाई, गिअरच्या दात्यांचे मायक्रॉनमधले माप आणि पात्यांची वळणे अशा बारीकसारीक गोष्टींचा कस लागेल.

म्हणून इथून पुढे पाणबुड्यांच्या तुलनेची बातमी वाचाल तेव्हा टन आणि नॉट यांवर थांबू नका. ती बोट कोणाच्या शिकारीसाठी घडली आणि किती शांत आहे, ते शोधा. आणि घरातले एखादे पोर आयटीआयला वेल्डर, टर्नर किंवा फिटर होत असेल, तर त्याला हेही सांगा की देशातल्या सर्वांत अवघड जोडकामांपैकी एक आपल्या शहराच्या वेशीवर झाले आहे आणि पुढच्या बोटींना तसल्याच हातांची गरज पडणार आहे. नौदलप्रमुख ॲडमिरल दिनेश त्रिपाठी यांनी डिसेंबर २०२४ मध्ये सांगितल्याप्रमाणे पहिली स्वदेशी हल्लेखोर अणुपाणबुडी २०३६-३७ पर्यंत येणे अपेक्षित आहे, आणि दुसरी त्यानंतर दोन वर्षांनी.